'द आयर्न हॉर्स' : सोन्याचा खिळा आणि मस्टरवर नसलेली माणसं

१९२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. २६ मे रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली आणि आशियातून येणाऱ्या माणसांसाठी देशाचं दार जवळजवळ पूर्ण बंद झालं. २ जून रोजी दुसऱ्या कायद्यावर सही झाली. त्या कायद्याने तिथल्या 'इंडियन' म्हणवल्या गेलेल्या आदिवासींना नागरिकत्व दिलं, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर तो देश उभा राहिला त्यांना त्या देशाचे नागरिक व्हायला देश जन्मल्यावर जवळपास दीडशे वर्षं लागली. आणि २८ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये जॉन फोर्ड या तीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा 'द आयर्न हॉर्स' हा मूकपट प्रदर्शित झाला. विषय होता, अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम टोकांना जोडणारी पहिली रेल्वे.

त्याच वर्षी जुलैत मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या योगायोगाला मी फार अर्थ चिकटवत नाही. पण आपल्या वाचकाच्या डोक्यात काळाची खूण पक्की बसावी म्हणून सांगितलं.

हा चित्रपट आता स्वामित्वहक्कमुक्त आहे, इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. अडीच तासांच्या आसपास लांब आहे, आवाज नाही, तरी कंटाळा येत नाही. हजारो माणसं, घोडे, गुरांचे कळप, बर्फ, धूर, इंजिनं. फोर्ड पुढे अमेरिकेतला सर्वात मोठा दिग्दर्शक मानला गेला, त्याची पायाभरणी इथे दिसते. २०११ मध्ये अमेरिकन सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या चित्रपटांच्या यादीत तो घेतला. राष्ट्रीय ठेवा हे शब्द लक्षात ठेवा. एखादं राष्ट्र स्वतःविषयी कोणती गोष्ट जपून ठेवतं आणि त्या गोष्टीत कुणाला जागा देतं, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे.

गोष्ट साधी आहे. इलिनॉयमधल्या एका गावात ब्रँडन नावाचा माणूस पश्चिमेकडे रेल्वे जाईल असं स्वप्न बघतो. शेजारी हसतात. तरुण अब्राहम लिंकन मात्र हसत नाही. ब्रँडन आपल्या लहान मुलाला, डेव्हीला घेऊन डोंगरातली वाट शोधायला निघतो, वाट सापडते आणि तिथेच तो मारला जातो. मारणारे चेयेन आदिवासी दिसतात, पण त्यांचा म्होरक्या आदिवासी वेशातला गोरा माणूस असतो आणि त्याच्या एका हाताला दोनच बोटं असतात. पुढे लिंकन राष्ट्राध्यक्ष होतो, १८६२ मध्ये रेल्वेच्या कायद्यावर सही करतो, काम सुरू होतं. डेव्ही मोठा होऊन बापाने शोधलेली खिंड रेल्वेला दाखवतो. मध्ये खलनायक उभा आहे, डेरू नावाचा जमीनमालक. रूळ आपल्या जमिनीवरून लांबच्या वळणाने जावेत म्हणजे आपल्याला पैसा मिळेल, असा त्याचा डाव. शेवटी दोन बोटांचा माणूस तोच निघतो, मरतो, आणि १८६९ मध्ये युटामध्ये दोन्हीकडचे रूळ भेटतात. नायक-नायिकाही भेटतात.

आता एकेक पदर सोलू.

आधी खलनायक. चित्रपटात भ्रष्टाचार आहे, पण तो एका वाईट माणसाच्या हातात कोंडून ठेवला आहे. तो मेला की रेल्वे शुद्ध. इतिहास काय सांगतो? १८६२ च्या कायद्याने दोन खासगी कंपन्यांना काम दिलं. युनियन पॅसिफिक पूर्वेकडून ओमाहाहून निघाली, सेंट्रल पॅसिफिक पश्चिमेकडून सॅक्रामेंटोहून. सपाट जागेवर प्रत्येक मैलाला १६,००० डॉलरचे सरकारी रोखे, डोंगरात ४८,०००, मधल्या पठारावर ३२,०००. शिवाय जमीन. आधी मैलामागे १० चौरस मैल, १८६४ मध्ये ती दुप्पट करून २०. म्हणजे एक मैल रूळ टाकला की १२,८०० एकर जमीन कंपनीच्या नावावर. जितके मैल तितका पैसा, असा हिशेब एकदा ठरल्यावर रूळ सरळ कशाला जातील? ओमाहाजवळ युनियन पॅसिफिकच्या थॉमस ड्युरंटने मार्गाला असं वळण घातलं की लांबी नऊ मैलांनी वाढली. युटामध्ये तर दोन्ही कंपन्यांच्या भराव टाकणाऱ्या टोळ्या एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या आणि दोनशेहून अधिक मैल समांतर काम करत राहिल्या. शेवटी १८६९ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसला भेटीची जागा ठरवून द्यावी लागली. युनियन पॅसिफिकच्या चालकांनी क्रेडिट मोबिलिये नावाची बांधकाम कंपनी हाताशी धरून स्वतःच स्वतःला कंत्राटं दिली, बिलं फुगवली आणि खासदारांना स्वस्तात शेअर वाटले. १८७२ मध्ये ते वर्तमानपत्रात फुटलं. रूळ लांबवून पैसा खाणारे डेरू प्रत्यक्षात कंपनीच्या संचालक मंडळात बसले होते. चित्रपटाने त्यांना तिथून उचलून रानात नेऊन ठेवलं आणि वर आदिवासीची पिसं लावली.

ही पिसांची गोष्ट साधी नाही. गोरा गुन्हेगार आदिवासी वेशात दाखवला म्हणजे आदिवासींना दोषमुक्त केलं, असं काही समीक्षक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यामुळे आदिवासींकडे स्वतःचं असं कारणच उरत नाही. ते हल्ला करतात कारण कुणीतरी गोरा त्यांना चिथावतो. आपल्याकडे भीमा कोरेगावनंतर किंवा कुठल्याही आदिवासी आंदोलनानंतर 'यांना कुणीतरी फूस लावली' असं ऐकू येतं, त्याच जातीचं हे वाक्य आहे. चेयेन लोकांकडे कारणं होती. १८५१ च्या फोर्ट लॅरमीच्या तहात त्यांचा प्रदेश मान्य केला होता. मग सोनं सापडलं, गाड्यांचे तांडे आले, आणि २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी तळ ठोकून बसलेल्या चेयेन आणि अरापाहो लोकांवर फौज चालून गेली. मेलेल्यांत बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारे होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १८६७ च्या ऑगस्टमध्ये, नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ चेयेनांनी रूळ उखडून मालगाडी पाडली. चित्रपटात असं गाडीवर धावून येणं दिसतं. सँड क्रीक दिसत नाही. कारण कापून टाकलं की परिणाम रानटी दिसतो.

आणि हेही खरं की पॉनी आदिवासींची एक तुकडी रेल्वेच्या रक्षणासाठी अमेरिकन सैन्याबरोबर लढली. लाकोटा आणि चेयेन हे त्यांचे जुने वैरी होते. दडपलेल्यांतल्या एका गटाला दुसऱ्याविरुद्ध वापरण्याची ही युक्ती आपल्याला नवी नाही, आणि ज्यांनी ती भाकरी स्वीकारली त्यांच्यावर पुण्यात बसून ताशेरे ओढण्याचा मला अधिकार नाही.

आता मजूर.

चित्रपटातले मजूर म्हणजे आयरिश आणि इटालियन. तीन जुने सैनिक आहेत, भांडतात, दारू पितात, दात उपटून घेतात, प्रेक्षकाला हसवतात आणि वेळ आली की बंदूक उचलतात. फोर्ड स्वतः आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, त्यामुळे आयरिश माणसावर कॅमेऱ्याची माया आहे. युनियन पॅसिफिकवर आयरिश खरोखर मोठ्या संख्येने होते, यादवी युद्धातून सुटलेले दोन्हीकडचे सैनिक होते, गुलामीतून मोकळे झालेले काही काळे मजूरही होते. इटालियनांची मोठी लाट मात्र अमेरिकेत १८८० नंतर आली. मग १८६० च्या दशकातल्या गोष्टीत त्यांना एवढी जागा कशी? कारण प्रेक्षक १९२४ चा होता. इटालियनांनाही त्या वर्षीच्या कायद्याने कोटा लावून आवळलं होतं, त्यांना अमेरिकन मानायचं की नाही हा तेव्हाचा वाद होता. चित्रपट म्हणतो, माना, पण आधी त्यांनी संप सोडून कामावर यावं. तसा प्रसंगच आहे. पगार न मिळाल्याने मजूर काम थांबवतात, आणि कंत्राटदाराची सुंदर मुलगी दोन गोड शब्द बोलून त्यांना परत पाठवते.

खरा संप वेगळा होता. तो चित्रपटात नाही.

सेंट्रल पॅसिफिकला सिएरा नेवाडाचे डोंगर फोडायचे होते. गोरे मजूर यायचे, काही दिवस टिकायचे, खाणींकडे पळायचे. १८६५ मध्ये कंपनीचा चार्ल्स क्रॉकर म्हणाला, चिनी घेऊन बघू. बांधकामाचा प्रमुख स्ट्रोब्रिज नको म्हणत होता. आधी पन्नास जण घेतले, मग शेकडो, मग हजारो. बहुतेक सगळे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले, गरीब शेतकऱ्यांची तरुण पोरं. एका वेळी कामावर १०,००० ते १५,००० चिनी होते आणि सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांत दहातले नऊ चिनी असत. पगार आधी महिना ३० डॉलरच्या आसपास, जेवणाची सोय स्वतःची. गोऱ्या मजुराला त्याहून जास्त आणि वर जेवण-राहणं फुकट.

डोनर खिंडीजवळचा शिखर बोगदा १,६५९ फूट लांब आहे. ग्रॅनाइटचा डोंगर, हातोडा, पहार, काळी दारू. दिवसाला काही इंच पुढे सरकत. वरून उभी विहीर खणून आत उतरले आणि चार तोंडांनी एकदम खोदायला लागले, तरी दोन हिवाळे गेले. १८६६-६७ च्या हिवाळ्यात चव्वेचाळीस वादळं मोजली गेली. माणसं बर्फाखाली बोगदे करून राहत आणि त्यातूनच कामावर जात. बर्फाचे कडे कोसळून टोळ्याच्या टोळ्या गाडल्या जात आणि काही प्रेतं बर्फ वितळल्यावर सापडत. घाई झाली तेव्हा नायट्रोग्लिसरीन जागेवरच बनवून वापरलं. किती मेले? कंपनीने मोजलंच नाही. १८७० मध्ये सॅक्रामेंटोच्या एका वृत्तपत्रात बातमी आली की चिनी मजुरांची सुमारे २०,००० पौंड हाडं गाडीने आली, ती मायदेशी नेऊन पुरायला, सुमारे बाराशे माणसांची. या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी काहीशे म्हणतं, कुणी त्याहून जास्त. रूळाचा एकेक मैल मोजून सरकारकडून पैसे घेणाऱ्या कंपनीकडे मेलेल्या माणसांचा हिशेब नसावा, हे मात्र वादातीत आहे.

१८६७ च्या जूनमध्ये, २५ तारखेच्या सुमाराला, सिएराच्या डोंगरात ठिकठिकाणच्या चिनी मजुरांनी एकाच वेळी हत्यारं खाली ठेवली. तीन हजारांहून अधिक माणसं. मागणी होती महिना ४० डॉलर, उघड्यावर दहा तास आणि बोगद्यात आठ तास. मारामारी नाही, दारू नाही, गोंधळ नाही. मैलोन्‌मैल पसरलेल्या छावण्यांत निरोप कसा गेला असेल, कुणी ठरवलं असेल, याची कल्पना करा. 'हे लोक निमूट राबतात' असं ज्यांच्याविषयी सांगितलं जायचं त्यांनी केलेला हा त्या काळातला मोठा संघटित संप. क्रॉकरने काय केलं? डोंगरावर जाणारं अन्न बंद केलं. दक्षिणेतून मुक्त झालेले काळे मजूर आणून संप फोडायचा विचारही कंपनीत चालू होता. आठवड्याभरात संप मोडला. पोटाला मारलं. ज्यांच्या बापजाद्यांनी हक्क मागितल्यावर गावाचा बहिष्कार सोसला आहे, किराणा बंद, दळण बंद, पाणी बंद, त्यांना हा डाव समजावून सांगायची गरज नाही.

'द आयर्न हॉर्स'मध्ये चिनी मजूर अजिबात नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. ते आहेत. काही दृश्यांत रूळावर काम करताना, पळताना दिसतात, आणि त्यातले काही म्हातारे त्या रेल्वेवर प्रत्यक्ष राबलेले होते असं तेव्हा सांगितलं गेलं. पण त्यांच्यातल्या कुणाला नाव नाही, घर नाही, इच्छा नाही. ते पार्श्वभूमी आहेत. एका वस्तीतल्या अभ्यासवर्गात मी हा चित्रपट तुकड्या-तुकड्यांनी दाखवला, तेव्हा अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "यांना डायलॉग का नाही?" मूकपट आहे म्हणून बाकीचे हसले. पण तिचा प्रश्न बरोबर होता. मूकपटातही संवादाच्या पाट्या असतात, आणि त्या कुणाच्या तोंडी येतात हे ठरवलेलं असतं.

याच्या उलट चित्रपटाला अस्सलपणाचा मोठा सोस आहे. शेवटच्या दृश्यातली दोन इंजिनं तीच, १८६९ ची, असं पाटी सांगते. खरी इंजिनं, 'ज्युपिटर' आणि '११९ क्रमांक', चित्रपटाच्या पंधरा-वीस वर्षं आधीच भंगारात गेली होती. इंजिन खोटं असलं तर लोक काय म्हणतील याची काळजी होती.

आता त्या आयरिश माणसाकडे परत येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत आयरिश कॅथलिक हा तुच्छ मानला जायचा. व्यंगचित्रांत त्याला माकडाचं तोंड काढत. म्हणजे तोही खालचाच. मग दहा वर्षांनी काय झालं? १८७७ मध्ये कॅलिफोर्नियात कामगारांचा पक्ष उभा राहिला, त्याचा नेता डेनिस कर्नी हा आयर्लंडमध्ये जन्मलेला. तो रेल्वेच्या भांडवलदारांना शिव्या घालायचा आणि प्रत्येक भाषण चिन्यांना हाकला या मागणीवर संपवायचा. मालकाविरुद्धचा राग खालच्या पायरीवरच्या मजुरावर काढला गेला. २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथे युनियन पॅसिफिकच्या कोळसा खाणीत गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी खाणकामगारांना ठार केलं, त्यांची वस्ती जाळली. कुणालाही शिक्षा झाली नाही.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, तिचं याहून उघडं उदाहरण परदेशात सापडणं कठीण. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे, म्हणून कुणालाच शिडी मोडायची नाही. फोर्डचा चित्रपट हा आयरिश माणसाला शिडीवर वर चढवल्याचा समारंभ आहे. त्या समारंभाला चिनी माणूस खाली उभा राहणं आवश्यक होतं.

या शिडीला कायद्याचा आधार होता. १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गोऱ्या माणसाची खुनाची शिक्षा रद्द केली, कारण साक्ष चिन्यांची होती. काळे आणि 'इंडियन' गोऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकत नाहीत असा नियम होता. न्यायाधीशांनी तर्क लढवला की आदिवासी मुळात आशियातूनच आले, तेव्हा चिनीही त्याच शब्दात बसतात. मनुस्मृतीत कुणाची साक्ष कुणाविरुद्ध चालते याचे श्लोक वाचलेल्यांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. १८७० मध्ये नागरिकत्वाचा हक्क आफ्रिकन वंशाच्या लोकांपर्यंत वाढवला गेला, चिन्यांना वगळून. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी केली. ती १९४३ मध्ये उठली, तेही युद्धात चीन मित्र होता म्हणून.

आणि इथे आपल्या देशातला एक माणूस गोष्टीत येतो. भगतसिंग थिंद, पंजाबचा शीख, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला. नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना मिळत होतं. त्याने काय म्हणावं? वर्णद्वेषाचा कायदाच चूक आहे असं म्हणता आलं असतं. त्याच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा की तो उच्चजातीय आर्य आहे, जातीबाहेर लग्न न केल्यामुळे त्याचं रक्त शुद्ध राहिलं आहे, आणि गोरा अमेरिकन काळ्याकडे लग्नाच्या दृष्टीने जसं बघतो तसंच उच्चजातीय हिंदू इथल्या मूळच्या लोकांकडे बघतो. म्हणजे, आम्हीही तुमच्यासारखेच आहोत, आमच्याही पायाखाली माणसं आहेत! फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच्या सात वर्षं आधी, मे १९१६ मध्ये, त्याच देशात कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने निबंध वाचून दाखवला होता की जातीअंतर्गत विवाह हाच जातीचा प्राण आहे आणि तो बायकांच्या देहावर ताबा ठेवून टिकवला जातो. एकाने जी गोष्ट रोग म्हणून दाखवली, तीच दुसऱ्याने प्रतिष्ठेचा दाखला म्हणून कोर्टात ठेवली. परदेशात वर्णद्वेषाचे बळी म्हणून बोलणारे आणि घरी आडनाव विचारणारे आपले अनिवासी बंधू थिंदचे वारस आहेत.

इथे एक सावधगिरी. जात आणि वंश यांच्यामध्ये बरोबरीचं चिन्ह टाकायची घाई आपले काही मित्र करतात. बाबासाहेबांनी जात ही वंशातून आली हा सिद्धांत स्वतः नाकारला होता. चिनी मजुराचं काम संपलं की त्याला देशाबाहेर हाकलता येत होतं, हाकललं गेलंच. अस्पृश्याला गावाबाहेर ठेवायचं, पण गाव सोडू द्यायचं नाही, कारण उद्या सकाळी मेलेलं ढोर ओढायला तोच हवा. दोन्ही व्यवस्था क्रूर, पण यंत्र वेगळं. यंत्र समजलं नाही तर मोडणार कसं?

रेल्वे हे यंत्र मोडेल असं एका मोठ्या माणसाला वाटलं होतं. कार्ल मार्क्सने १८५३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्याच एका दैनिकात लिहिलं की रेल्वेतून येणारा आधुनिक उद्योग जातीचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी विरघळवून टाकेल. पुढे भोर घाटात काय झालं? सिएरा फोडला जात होता त्याच्या जरा आधी, १८५६ ते १८६३ मध्ये, खंडाळ्याचा डोंगर फोडला गेला. पंचवीस बोगदे, एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर, पटकीच्या साथी, १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून झालेला उद्रेक. कंत्राटदार ट्रेडवेल आणि त्याच्यानंतर काम पुढे नेणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस, ही नावं इतिहासात आहेत. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचं नाव नाही.

आणि जात विरघळली का? मार्क्सच्या लेखानंतर ८५ वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील मात्र कमी जण वाचतात. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला हमालही होता येत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि स्टेशनमास्तर सवर्ण. त्यांनी हे सांगून डाव्या कामगार पुढाऱ्यांना विचारलं होतं की तुम्ही या भेदाविरुद्ध कधी बोललात का. कॅलिफोर्नियातल्या कर्नीच्या पक्षालाही कुणीतरी हेच विचारायला हवं होतं.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामीविरुद्ध लढल्याबद्दल. काही सवर्ण टीकाकार त्यावरून फुल्यांना भोळे ठरवतात, बघा, त्याच अमेरिकेत आदिवासी मारले जात होते. अर्पणपत्रिका नीट वाचा. ती अमेरिका नावाच्या राष्ट्राला नाही, गुलामांसाठी ज्यांनी त्याग केला त्या माणसांना आहे. ज्योतिबांना माणसं आणि राज्यसत्ता यातला फरक कळत होता.

आता सोन्याच्या खिळ्याकडे. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमोन्टोरी इथे समारंभ झाला. त्या खिळ्यावर कंपन्यांच्या संचालकांची आणि अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. बारा दिवस आधी, २८ एप्रिलला, सेंट्रल पॅसिफिकच्या टोळ्यांनी एका दिवसात दहा मैल रूळ टाकून विक्रम केला होता. लोखंडी रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं आजही सांगितली जातात. त्या दिवशी स्लीपर मांडणारे, खिळे ठोकणारे, खडी भरणारे हजारो चिनी होते. कंपनीच्या पगारपत्रकात बहुतेक ठिकाणी टोळीच्या मुकादमाचं नाव आणि पुढे डोक्यांची संख्या. एवढ्या हजारो माणसांपैकी एकाचंही पत्र किंवा रोजनिशी अभ्यासकांना सापडलेली नाही. अँड्र्यू रसेलने काढलेला तो प्रसिद्ध फोटो, दोन इंजिनं समोरासमोर, माणसं बाटल्या उंचावताहेत, त्यातही चिनी चेहरे दिसत नाहीत. एखादा पाठमोरा असेल, यावर वाद आहे. शेवटचा रूळ चिनी टोळीने आणून बसवला होता.

१९६९ मध्ये शताब्दी साजरी झाली. चिनी-अमेरिकन इतिहास मंडळाचे प्रतिनिधी फलक घेऊन गेले होते, बोलायला पाच मिनिटं मिळणार होती, ती ऐनवेळी काढून घेतली. केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी भाषणात विचारलं की एवढ्या बर्फात एवढे बोगदे अमेरिकनांखेरीज दुसरं कोण खोदू शकलं असतं! ज्यांनी खोदले त्यांना अमेरिकन व्हायची कायद्याने बंदी होती.

सेंट्रल पॅसिफिकच्या चार मालकांपैकी लेलँड स्टॅनफर्ड. १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होताना त्याने चिनी लोकांना हीन म्हटलं, तीन वर्षांनी कामाला लावल्यावर त्यांच्या शांत आणि कष्टाळू स्वभावाची तारीफ राष्ट्राध्यक्षांना कळवली. त्याच्या संपत्तीतून विद्यापीठ उभं राहिलं. २०१२ मध्ये त्याच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी चिनी रेल्वे मजुरांवर संशोधन सुरू केलं. पत्रं नाहीत म्हणून छावण्यांच्या जागा खणून फुटक्या वाट्या, बटणं, औषधाच्या बाटल्या गोळा केल्या, वंशजांच्या घरी जाऊन आठवणी टिपल्या. मेलेल्या माणसांचा माग काढायला वंशजच लागतात.

न्यूयॉर्कचा कॉर्की ली हा छायाचित्रकार. शाळेच्या पुस्तकात रसेलचा फोटो बघून त्याने त्यात चिनी चेहरे शोधले होते, सापडले नव्हते. १० मे २०१४ रोजी तो प्रोमोन्टोरीला गेला, सोबत चिनी-अमेरिकन माणसांचा मोठा जमाव, त्यात त्या मजुरांचे वंशज. तीच जागा, दोन इंजिनांच्या प्रतिकृती समोरासमोर. म्हातारे, पोरं, बायका इंजिनांवर चढले, रूळांवर उभे राहिले, आणि त्याने फोटो काढला.